डेलोरियनचं पंखी दार: टॉर्शन बार पिळायचा की स्ट्रट बदलायचा?

ओहायोकर (धागाकर्ता)

मंडळी, वाहन विभागात वरच्या बाजूला उघडणाऱ्या दारांवर धागा शोधला, एकही मिळाला नाही. म्हणून मीच काढतोय. १९८१ची डेलोरियन डीएमसी-१२ गेल्या वर्षी घेतली. इंजिनाची, वायरिंगची कामं होत आलीत. अडलंय ते दारापाशी.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार कडी सोडली तरी जागचं हलत नाही. उचलायला घेतलं की अर्ध्यापर्यंत चांगलंच जड लागतं. वर गेलं की थांबतं, पण सध्याच्या थंडीत सकाळी गाडी बाहेर काढली की हळूहळू खाली उतरायला लागतं, नेमकं आपण आत वाकलेलो असताना. पलीकडचं दार मात्र कडी सुटताच चार बोटं स्वतःहून वर येतं आणि वर नीट राहतं.

सुट्या भागांच्या एका विक्रेत्याने सल्ला दिला की जास्त ताकदीचे स्ट्रट (दार वर तोलून धरणारे गॅसचे शॉकर) घाला, प्रश्न मिटेल. किंमत फार नाही. तरी ऑर्डर करण्याआधी इथल्या जाणत्यांना विचारावं म्हटलं. छतातल्या टॉर्शन बारला (दार उचलणाऱ्या पिळाच्या दांड्याला) हात लावायची वेळ आली आहे का?

नानापेठी

यात विचारण्यासारखं काय आहे? हॅचबॅकच्या डिकीचा शॉकर गेला की आपण काय करतो? नवा टाकतो. दोन नंबर जास्त ताकदीचा टाका, दार टाचणीसारखं वर उभं राहील. अमेरिकेत राहून माणसं साध्या गोष्टीचा फार बाऊ करतात. हलके घ्या.

टॉर्कबहाद्दर

नानापेठी, डिकीचं गणित इथे चालत नाही. डिकीचा सगळा भार शॉकरवर असतो. डेलोरियनच्या दाराला दोन मदतनीस आहेत आणि दोघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या आहेत. तेवढं कळलं की धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच लक्षणांत सापडतं.

दार साधारण ४० किलोचं, म्हणजे वजन ४०० न्यूटनच्या आसपास. बिजागरी छताच्या मध्याजवळ. पुढचे आकडे मी हिशेबापुरते धरलेत, गाडीवर मोजलेले नाहीत. दार बंद असताना त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून आडवा ५० सेंटीमीटर बाहेर आणि ३५ सेंटीमीटर खाली आहे असं समजू. तेव्हा दार खाली ओढणारा टॉर्क (फिरवणारा जोर, म्हणजे वजन गुणिले आडवं अंतर) झाला २०० न्यूटन-मीटर. दार उचलत गेलो की गुरुत्वमध्य बिजागरीच्या पातळीला येतो आणि आडवं अंतर वाढून ६१ सेंटीमीटर होतं. टॉर्क २४४. त्याच्याही वर गेलं की अंतर पुन्हा घटतं, पूर्ण उघड्या स्थितीत १८०च्या आसपास येतं. म्हणजे दार सगळ्यात जड लागतं ते मधे कुठेतरी.

आता टॉर्शन बार. तो एक लांब पोलादी दांडा, छताच्या मधल्या पट्टीखाली गाडीच्या लांबीला समांतर. प्रत्येक दाराला स्वतंत्र. दार बंद असताना त्याला सर्वांत जास्त पीळ बसलेला असतो आणि दार वर जाईल तसा पीळ सरळ रेषेत कमी होतो. दुकानाच्या रोलिंग शटरच्या स्प्रिंगचं जे काम, तेच याचं. बंद दाराला उठवणारा तो.

गॅस स्ट्रटचं उलट. दार बंद असताना त्याची रेषा बिजागरीच्या जवळून जाते, त्यामुळे त्याने कितीही जोर लावला तरी दाराला फिरवणारा हिस्सा नगण्य. दार वर जातं तशी त्याची भुजा, म्हणजे बिजागरीपासून त्याच्या रेषेचं अंतर, वाढते. मधल्या टप्प्यापासून पुढे बार कमी पडतो ती तूट स्ट्रट भरून काढतो.

तेव्हा सरळ नियम: दार खालून उठत नसेल तर बारकडे बघा, वर थांबत नसेल तर स्ट्रटकडे. ओहायोकर, तुमच्या दाराला दोन्ही दुखणी आहेत.

नानापेठी

बरं, मान्य. पण स्ट्रट जरा दांडगा टाकला तर बिघडलं काय? थोडा भार तो उचलेल, थोडा बार.

टॉर्कबहाद्दर

बंद दारावर दांडगा स्ट्रट बिजागरीजवळून ढकलत राहतो. दार उठत नाहीच, पण तो सगळा जोर स्ट्रट ज्या दोन गोळ्यांवर बसलाय त्यांच्या बैठकींना चोवीस तास सोसावा लागतो. वर दाराच्या कवचाला मुरड पडते ती वेगळीच. आणि अर्ध्याच्या पुढे दार हातातून निसटून वर धडकतं. बारची कसर स्ट्रटने भरायची ही युक्ती या गाड्यांमध्ये बरीच वापरली गेली आहे, आणि तिच्यापायी वाकलेल्या बैठकाही तितक्याच बघायला मिळतात.

मेटलर्जी_मीनल

बारबद्दल थोडी भर घालते, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

डेलोरियनचे टॉर्शन बार ग्रुमन एरोस्पेस या अमेरिकन विमान कंपनीने विकसित केले. हो, अपोलो मोहिमांचं चंद्रावर उतरणारं यान बनवणारी तीच ग्रुमन. पोलाद द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसच्या आसपास थंड करून, कायमचा पीळ बसेपर्यंत ते पिळले जात. कामात ज्या दिशेने पीळ पडणार त्याच दिशेने आधी जास्त पिळून सोडलं की दांड्याच्या पृष्ठभागात असे अंतर्गत ताण उरतात, जे पुढच्या रोजच्या पिळाला विरोध करतात. त्यामुळे बारीक दांड्यातून मोठा टॉर्क मिळतो आणि तो लवकर थकत नाही. छतात जागा इतकी कमी असताना एवढं जड दार उचलायचं तर दुसरा सोपा मार्ग नव्हता.

याचा एक व्यावहारिक परिणाम लक्षात ठेवा. असा बार एकाच दिशेने काम करायला तयार केलेला असतो. डावीकडचा काढून उजवीकडे बसवायचा नाही. उलट्या दिशेने पिळला तर तेच अंतर्गत ताण त्याच्या मुळावर उठतील. जुन्या गाडीतून बार घेणार असाल तर तो कोणत्या बाजूचा होता हे आधी विचारा. बारवर ओरखडा, गंजाचा खड्डा किंवा वेल्डिंगची ठिणगी पडल्याची खूण दिसली तर तो घेऊच नका. पिळाच्या दांड्याला तडा जातो तो अशाच ठिकाणाहून.

थंडीबद्दल: पोलादी बारला ओहायोच्या थंडीने जाणवण्याइतका फरक पडत नाही. थंडीत बदलतो तो गॅस.

तिरकसराव

चांद्रयानवाल्यांनी बनवलेलं दार आणि ते सकाळी डोक्यात पडतंय. काय म्हणावं.

एक बाळबोध शंका: ही गाडी मॉलच्या तळघरात लावली तर दार वर छताला आणि बाजूला शेजारच्या गाडीला लागत नाही का?

ओहायोकर

तिरकसराव, वरची उंची बघावीच लागते. बाजूला मात्र उलट सोय आहे. दाराला गाडीच्या बाहेर जेमतेम २८ सेंटीमीटर जागा लागते, शेजारी चिकटून गाडी उभी असली तरी उघडतं. नेहमीच्या दोन दारांच्या कूपेचं लांबलचक दार तिथे उघडताच येत नाही.

बाकी सगळ्यांचे आभार. मीनलताई, थंडीचा मुद्दा नीट समजावून सांगाल का? उन्हाळ्यात हेच दार वर राहायचं.

मेटलर्जी_मीनल

स्ट्रटमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो. बंदिस्त वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. २० अंश सेल्सियस म्हणजे २९३ केल्विन, उणे १० म्हणजे २६३. २६३ भागिले २९३ म्हणजे ०.९०. स्ट्रट धडधाकट असला तरी दहा टक्के जोर गेला. वर छापलेली ताकद २० अंशांची असते. आता स्ट्रटमधून आधीच थोडा गॅस गेला असेल, तर उन्हाळ्यात दार काठावर पास होतं आणि हिवाळ्यात नापास. दहा टक्क्यांनी दार पडत असेल तर स्ट्रट मुळातच संपत आलाय.

जुनीगाडी_जोशी

जरा अवांतर, पण धाग्याला धरूनच.

या दारांची सुरुवात हौसेतून झालेली नाही. मर्सिडीझने १९५२ साली शर्यतीसाठी ३०० एसएल बनवली तिचा सांगाडा बारीक नळ्यांचा होता. मजबुतीसाठी त्या नळ्यांची जाळी बाजूने कमरेपर्यंत आली, मग नेहमीचं दार लावणार कुठे? म्हणून दार वर नेलं. १९५४ ते १९५७ मध्ये तिची रस्त्यावरची कूपे निघाली ती १४००. तिच्या दारांचं कवच अॅल्युमिनियमचं. हलकं असल्यामुळे दार तोलायला छतात पिळाचा बार लागला नाही. नळीत बसवलेल्या स्प्रिंगवर काम भागलं.

दुसरं टोक म्हणजे कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमध्ये १९७४-७५ साली निघालेली ब्रिकलिन एसव्ही-१. दार इतकं जड की त्याला विजेच्या पंपावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा दिली. ती इतकी कुरकुरी निघाली की पुढे कित्येक मालकांनी ती काढून हवेच्या दाबावरची बसवली. डेलोरियन या दोन्हींच्या मधे बसते. वजन ब्रिकलिनच्या वळणाचं, पण ना मोटर ना पंप. त्या बारचं मला कौतुक वाटतं ते यासाठी.

मर्सिडीझच्या २०१०च्या एसएलएस एएमजीने गॅस स्ट्रट वापरले. गाडी उलटली तर बिजागऱ्यांतल्या छोट्या स्फोटकांनी दार सुटं होतं, कारण पाठीवर पडलेल्या गाडीचं पंखी दार उघडणार कसं?

नानापेठी

हे मला माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

गोकुळशिरगावचा_फिटर

आमच्याकडं डेलोरियन येत न्हाई 😀 पण गॅस शॉकर रोज हाताखालनं जातात. बदलायची रीत सांगतो, गाडी कुठलीबी असूदे.

पहिलं दाराला आधार. जुना शॉकर मेलेला दिसत असला तरी आधाराशिवाय सोडायचा न्हाई. एक माणूस दार धरायला पाहिजेच, वर लाकडी टेकू घोंगडीत गुंडाळून. टेकू एकटा भरवशाचा न्हवं, सरकतो.

टोकाला प्लास्टिकचा किंवा लोखंडाचा साचा असतो, त्यात गोळी बसलेली. साच्याला तारेची क्लिप. बारक्या चपट्या स्क्रूड्रायव्हरनं क्लिप थोडीशीच उचलायची आणि शॉकर सरळ बाहेर ओढायचा. लई लोक क्लिप पार उपसून काढतात, मग ती गाडीखाली जाते आणि दिवस जातो. नवा बसवताना गोळीला ग्रीसचा थेंब, तळव्यानं दाबायचा, टकटक झाली की बसला.

दांडीला पक्कड लावायची न्हाई. एक ओरखडा पडला की सील कापलं जातं आणि नवा शॉकर महिन्यात गळतो. दांडीवर रंग, अंडरकोट, ग्रीस कायबी मारायचं न्हाई. आणि शॉकर सहसा दांडी खाली येईल असा बसवतात, आतलं तेल सीलवर राहतं म्हणून. तुमच्यात जुना जसा होता तसाच नवा ठेवा, काढायच्या आधी मोबाईलवर फोटो मारा.

मेलेल्या शॉकरला भोक पाडायला जाऊ नका. यूट्यूबवर पोरं पाडत्यात.

टॉर्कबहाद्दर

फिटरभाऊंच्या शेवटच्या ओळीवर आकडा देतो. ८ मिलिमीटरच्या दांडीचं क्षेत्रफळ ५० चौरस मिलिमीटर. स्ट्रट ५०० न्यूटनचा असेल तर आतला दाब चौरस मिलिमीटरला १० न्यूटन, म्हणजे १०० बार (इथे बार म्हणजे दाबाचं एकक). गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात. शिवाय ड्रिलने तेलाचा फवारा तोंडावर उडतो. टाकाऊ स्ट्रट जसाच्या तसा भंगारवाल्याला सांगून द्या, शेकोटीत तर मुळीच नको.

अश्विनी_डॅलस

आमच्या घरी ही गाडी बरीच वर्षं आहे, नवऱ्यापेक्षा मीच तिच्यात जास्त रमते. ओहायोकर, बार किंवा स्ट्रटला हात लावण्याआधी रबराच्या पट्ट्या बघा. दाराभोवतीची सील नवीन टाकलेली असतील तर जाड असतात, दार बंद करायला जोर लागतो आणि माणसाला वाटतं बार जास्त पिळला गेलाय. जुनी, चेपलेली सील असतील तर उलट, बंद दाराला बाहेर ढकलणारं काहीच उरत नाही. मग बिजागऱ्यांचे बोल्ट, त्यांचा ढिलेपणा. कडीचे खिळे दोन असतात, पुढे एक, मागे एक, आणि दोघांना आतून दांड्यांनी जोडलेलं असतं. एक खिळा आधी सुटतोय आणि दुसरा अडतोय असं असेल तरी दार वर येत नाही. बार बिचारा निर्दोष असतो.

हे सगळं ठीक असेल तरच पुढची चाचणी. दोन माणसं. एकाने दार धरायचं, दुसऱ्याने स्ट्रट दाराकडून सोडायचा. मग दार हातात धरूनच हळूहळू खाली-वर करून नुसत्या बारचा जोर अजमावायचा. दार पूर्ण वर जाऊ देऊ नका. स्ट्रट जोडलेला असतो तेव्हा दाराची वरची हद्द तो सांभाळतो, तो नसताना दार पुढे जाऊन छतावर आपटू शकतं, आणि स्टेनलेस स्टीलला पोचा पडला की पुटिंग भरून रंग मारून लपवता येत नाही. या गाडीला रंगच नाही.

नुसत्या बारवर दार बंद स्थितीतून थोडं तरी उठलं पाहिजे, आणि मधल्या टप्प्यात बोटांच्या आधाराने उचलता आलं पाहिजे. दोन्ही दारांना एकच चाचणी करा. तुमचं चांगलं दार हेच तुमचं मोजमाप.

ओहायोकर

अश्विनीताई, अगदी पाहिजे होतं ते मिळालं. काल मित्राला बोलावून चाचणी केली. सील दोन्हीकडे एकाच वयाची, सारखीच चेपलेली. खिळे दोन्ही एकदम सुटतात. पलीकडचं दार स्ट्रटशिवाय कडी सोडताच वर येतं आणि मधे कुठेतरी तरंगत राहतं. माझ्या बाजूचं तसूभरही हललं नाही, मधेही चांगलंच जड. जुना स्ट्रट हाताने जमिनीवर टेकवून दाबला तर विनातक्रार आत गेला. तो तर गेलेलाच होता.

आता बारचं सांगा. घरी होईल का?

अश्विनी_डॅलस

होतं, पण मी घरी करा असं सांगणार नाही.

बारचं एक टोक दाराच्या बाजूला आणि दुसरं छताच्या चौकटीला धरलेलं. टोकांना दाते आहेत. चौकटीकडचं टोक सैल करून एक दाता पुढे फिरवून पुन्हा अडकवायचं, एवढंच काम. पण त्या क्षणी बारमध्ये साठलेला सगळा पीळ तुमच्या हातातल्या पान्यावर येतो. त्यासाठीच बनवलेला खास लांब पाना मिळतो. साध्या पान्याला पाईप लावून करणाऱ्यांचे मनगट, दात आणि मागची काच यांचे किस्से ऐकलेत. दार पूर्ण उघडं धरून काम करतात, कारण तेव्हा पीळ सगळ्यात कमी असतो. कमी म्हणजे शून्य नव्हे. डोकं, चेहरा पान्याच्या फिरण्याच्या रेषेत येऊ द्यायचा नाही. आणि दार धरणारा माणूस फोन बघणारा नको.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच दाता. मग स्ट्रट न जोडता पुन्हा चाचणी. मोह होतो की आलोच आहोत तर दोन दाते फिरवू. दार उडी मारून उठायला लागतं, बंद करताना लोंबकळावं लागतं आणि कडीचे खिळे कायम ताणाखाली राहतात. बार नीट बसल्यावरच नवा स्ट्रट, मूळ ताकदीचा.

टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ हंबल गावात या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, पण तुमच्यासाठी जवळचा डेलोरियन क्लब जास्त कामाचा. खास पाना बहुतेक क्लबांमध्ये कोणाकडे तरी असतो, आणि तो वापरलेला माणूसही.

नानापेठी

म्हणजे माझा दांडगा स्ट्रट बाद.

तरी विचारतो, एक दाता फिरवून काही वर्षांनी बार पुन्हा ढिला पडला तर? चाळीस वर्षांचा दांडा थकलेला असेल तर पिळून काय उपयोग?

मेटलर्जी_मीनल

चांगला प्रश्न. नीट घडवलेला बार सहसा असा "थकत" नाही. स्प्रिंगच्या पोलादाची लवचिकता वयाने कमी होत नाही. होतं काय, तर वर्षानुवर्षं पीळ धरून ठेवल्याने थोडा पीळ कायमचा मुरतो, किंवा टोकाचं बसणं सैल होतं, किंवा आधीच्या मालकाने फिरवताना चुकीच्या दात्यात अडकवलेलं असतं. तिन्ही ठिकाणी पुन्हा पीळ देणं हाच इलाज. दाते झिजलेले, वा दांड्यावर तडा दिसला तर मात्र फिरवायचा नाही, बदलायचा. टॉर्च आणि भिंग घेऊन टोकाजवळची गोलाई बघा. दात्यांची सुरुवात जिथे होते तिथे.

एका दारात दाता फिरवल्यावर दोन्ही दारं सारखी वागली नाहीत तरी फार मनाला लावून घेऊ नका. हाताने जुळवलेल्या गाड्या आहेत. उत्तर आयर्लंडमधल्या डनमरीच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं ते नव्या कामगारांच्या हातून, आणि सुरुवातीच्या गाड्यांची दारं नीट न बसल्याच्या तक्रारी तेव्हापासूनच्या आहेत.

तिरकसराव

प्रतिसाद काढून टाकला आहे.

ओहायोकर

क्लबमधल्या एका ज्येष्ठ गृहस्थांच्या गॅरेजमध्ये काम झालं. पाना त्यांचाच, फिरवलाही त्यांनीच. मी दार धरून उभा. दात्यांजवळ तडा नव्हता. एक दाता पुढे घेतला आणि स्ट्रट नसताना दार कडी सुटताच वर यायला लागलं, पलीकडच्यापेक्षा किंचित कमी. त्यांनी दुसरा दाता घ्यायला साफ नकार दिला. मूळ ताकदीचे नवे स्ट्रट दोन्ही बाजूंना घातले. सकाळी उणे ८ अंशांत दार वर राहिलं.

एक गोष्ट नवी दिसतेय. दार आता जोरात उठत असल्यामुळे असेल, पण बंद करताना मागचा खिळा पहिल्या फटक्यात बसत नाही, पुढचा बसतो. काय बघू?

अश्विनी_डॅलस

बारला हात लावू नका. दार आतून बंद करून मागच्या खिळ्यासमोरचा स्ट्रायकर (खिळा ज्यात अडकतो तो भाग) बघा, त्यावर चकाकणारी घासण कुठल्या बाजूला आहे? वरच्या काठावर असेल तर स्ट्रायकर थोडा वर सरकवा. बोल्ट सैल करण्याआधी त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा, म्हणजे परत जागेवर आणता येईल. घासणीचा फोटो टाकलात तर सांगते.